वेतुरियाचं बिनपडद्याचं मशीन

वेतुरिया बर्झूला कुणाचा शब्द तसाच्या तसा गिळता येत नसे. बाजारातली मासेवाली म्हणाली, "बाई, सकाळीच डॅन्यूबमधनं काढलाय," की ही आधी माशाचे कल्ले उचलून बघणार. डॉक्टरने गोळ्या दिल्या की डबीतला बारीक अक्षरांचा कागद भिंग लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. तिचा नवरा अंतोन पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो असेपर्यंत लोकांना रंगवून सांगायचा, "लग्नाच्या कचेरीत साहेबाने हिला विचारलं, हा नवरा पसंत आहे का? तर ही म्हणते, तुम्ही का विचारताय?"

अंतोन छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. डॅन्यूबकाठच्या गालात्स शहरात, त्सिग्लिना वस्तीतल्या, दहा मजली इमारतीच्या सातव्या मजल्यावर वेतुरिया एकटी राहिली. तिचा संशयी स्वभाव तेवढा सोबतीला उरला.

हा स्वभाव काही तिने आईच्या पोटातून आणलेला नव्हता. प्रुत नदीकाठच्या खेड्यातून ती आली तेव्हा चांगली मोकळी, हसरी मुलगी होती. कारखान्याच्या संगणक केंद्रात नोकरी लागली आणि तिथे ती शिकली. ज्या काळात घरातला टाइपरायटरसुद्धा दरवर्षी चौकीत नेऊन त्याच्या अक्षरांचा नमुना द्यावा लागे, त्या काळात संगणक केंद्रातल्या माणसाने जांभईसुद्धा जपून द्यावी. कपाटाएवढ्या त्या मशीनला वेतुरिया वर्षानुवर्षं कार्डं आणि फिती भरवत राहिली, पण आत काय शिजतं हे विचारायची सोय नव्हती. दर आठवड्याला एक सभ्य गृहस्थ यायचा. कोट कधी काढायचा नाही. छपाईच्या वापरलेल्या शाईच्या फिती पिशवीत घालून घेऊन जायचा. कुठे नेतो, कशाला नेतो, कुणी तोंड उघडलं नाही. वेतुरियानेही नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक पक्कं बसलं, की जे आपल्याला उघडून बघता येत नाही ते आपल्याकडे बघत असतं.

साम्यवादी राजवट पडली, मग केंद्रही बंद पडलं. मशीन भंगारात गेलं. वेतुरिया एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात लागली आणि बटाटे सोलू लागली. तिला वाटलं, संगणकाशी आपला संबंध इथेच संपला.

तो पुन्हा जुळवून दिला ग्रिगोरे मुशातने. हा पाचव्या मजल्यावरचा विधुर इलेक्ट्रिशियन. कारखान्यातून लवकर घरी बसवलेला, हाताला चैन नसलेला माणूस. कुठल्या तरी कचेरीने जुने संगणक रस्त्यावर काढून ठेवले होते, त्यातला एक त्याने खांद्यावर टाकला आणि सात मजले चढून तिच्या दारात आणून आदळला. लिफ्ट अर्थातच बंद होती.

"काय आहे हे?"

"तुझ्या माहेरचं माणूस. चालला तर चालला, नाहीतर बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटतं ना, त्याला टेकू लाव."

"कुठून चोरलास?"

"बघा! माणूस घाम गाळून वस्तू आणून देतो, आणि ही पंचनामा करते."

संगणक त्या वेळीही दहा वर्षं जुना होता. एका बाजूचं झाकण गायब. पंख्याचं तोंड उघडं पडलेलं, तिथे वेतुरियाने मुरंब्याच्या डब्याचं झाकण भोकं पाडून बसवलं. पंख्याला शिवणयंत्राचं तेल घातलं. केंद्रातली तिची जुनी मैत्रीण रुक्सांद्रा आता जर्मनीत कासेलला होती. तिने टपालाने लिनक्सच्या चकत्या पाठवल्या आणि फोनवर म्हणाली, "वेतुरिया, नव्या सिस्टिमी तुझ्या त्या डबड्यावर श्वाससुद्धा घेणार नाहीत. ही चालेल. युनिक्सच्या कुळातली आहे. आणि गंमत म्हणजे हिच्या पोटातलं सगळं लिखाण उघडं ठेवलंय, कुणीही वाचावं."

"सगळं?"

"सगळं. तुझ्यासारख्या संशयी बाईसाठीच केलीय म्हण ना."

वेतुरियाचा यावरही विश्वास बसला नाही. तो हिवाळाभर बालवाडीतून आली की ती चष्मा चढवून त्या सिस्टिमच्या पोटातलं लिखाण वाचत बसायची. सगळं कळत होतं असं नाही. निम्मं डोक्यावरून जायचं. पण जिथे जिथे बोट ठेवावं तिथे दार उघडं होतं. कोट न काढणारा कुणी आत बसलेला सापडला नाही. एक दिवस तिने ग्रिगोरेला बोलावून त्सुइकाचा, आलुबुखारच्या दारूचा, पेला पुढे केला आणि म्हणाली, "हे मला पटलं." वेतुरियाच्या तोंडून हे वाक्य निघणं म्हणजे मोठीच गोष्ट. ग्रिगोरेने पेला रिकामा करून दुसरा मागितला.

तोवर जिन्याजिन्यातून इंटरनेटचं वेड शिरलं होतं. अर्धी वस्ती इटली-स्पेनला कामाला गेलेली. मागे राहिलेल्या आया, सासवा, नवरे. फोन परवडत नव्हते. कुणीतरी तोडगा काढला, की पुऱ्या जिन्याने, म्हणजे एका जिन्यावरच्या सगळ्या घरांनी, मिळून एकच जोडणी घ्यायची आणि ती घराघरांत वाटायची. वाटायला मध्ये एक मशीन लागतं. वेतुरियाने आपलं डबडं दिलं. सगळ्यात वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायची सामाईक खोली आहे, तिथे दोऱ्यांच्या आणि कबुतरांच्या संगतीत ते एका स्टुलावर बसलं. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. वेतुरिया खाली आपल्या घरातून त्याच्याशी बोलायची. खोलीला कुलूप, किल्ल्या दोन: एक तिच्याकडे, एक ग्रिगोरेकडे.

केबल टाकल्या ग्रिगोरेने. वेतुरियाची बाल्कनीतून आली. बाकीच्या सगळ्यांसाठी त्याने न्हाणीघरांच्या मागचा हवेचा डक्ट धरला. डक्टमध्ये मजल्यामजल्याला आडवे पत्रे होते. ग्रिगोरे म्हणाला, "भोक पाडतो." वेतुरिया म्हणाली, "भोकाच्या कडेला घासून केबल तुटायची. काढूनच टाक सगळे." त्याने काढले.

दीड वर्ष मशीनने कुरकूर केली नाही. कडाक्याच्या थंडीत पंखा अडून बसायचा, तेव्हा ग्रिगोरे बायकोचा जुना हेअर ड्रायर घेऊन वर जायचा आणि कुणा म्हाताऱ्याची पाठ शेकावी तसा त्याला शेकून यायचा. आजूबाजूच्या जिन्यांतली नवी कोरी मशीनं महिन्यातून दोनदा आडवी व्हायची. हे मात्र कधी आडवं झालं नाही. झोटा, म्हणजे इमारतीचा कारभारी, दुसऱ्या मजल्यावरचा, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा घातलेला माजी फोरमन, त्याला हेच खुपू लागलं. "पडदा नाही, आवाज नाही, बिघडत नाही," तो जिन्यात उभा राहून म्हणायचा, "मला तर असली माणसंसुद्धा आवडत नाहीत."

आणि मग अग्लायाचं प्रकरण झालं.

अग्लाया गिनेया सहाव्या मजल्यावर, वेतुरियाच्या बरोबर खाली राहायची. तिची मुलगी इलिंका तोरिनोला एका म्हातारीची देखभाल करायची. इलिंकाची पोर, सात वर्षांची मारा, आजीपाशी होती. इलिंकाचा नवरा नेलू शेजारच्या जिन्यात एकटा राहायचा. नवरा-बायकोचं पटत नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इलिंकाने मनात काय योजलंय, ते तिने फक्त आईला सांगितलं होतं, आणि तेही संगणकावरून, मायक्रोफोन लावून: शाळा संपली की माराला इटलीला न्यायचं, आणि परत यायचं नाही.

आठवडा गेला नाही तोच नेलू अग्लायाच्या दारावर लाथा घालत उभा. "माझी पोर पळवताय? जूनमध्ये? गाढव समजलात मला?"

महिनाही त्याला माहीत होता. अग्लाया पांढरी फटक पडली. तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, पाद्र्यालाही नाही. नेलू शिव्या देत गेल्यावर ती तशीच चपला न घालता एक मजला चढून आली आणि वेतुरियाच्या दारात उभी राहिली.

"तू सांगितलंस."

"काय सांगितलं? कुणाला?"

"सोंग नको घेऊस! माझ्या लेकीचा शब्द तुझ्या त्या खोक्यातून जातो. दुसरीकडून कुठून जाणार तो नेलूच्या कानात? माझं मीठ खाल्लंस, माझ्या घरचं वांग्या-मिरचीचं झाकुस्का खाल्लंस, आणि..." पुढे तिला रडू फुटलं.

वेतुरियाने दार उघडं ठेवलं होतं, त्यामुळे हे सात मजले खाली आणि तीन मजले वर ऐकू गेलं. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात ती दिसली की बोलणं थांबायचं. मग एकेकाला आपापलं आठवू लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकेला आठवलं की तिच्या बदलीची बातमी तिच्याआधी शेजारणीला कळली होती. नवव्या मजल्यावरच्या नवरा-बायकोला आठवलं की त्यांचं भांडण लोकांना शब्दासकट पाठ होतं. सगळ्या वाटा जाऊन मिळायच्या त्या कपडे वाळवायच्या खोलीत.

झोटाने रविवारी, लोक चर्चमधून परतल्यावर, खाली दिंडीपाशी बैठक बोलावली. वेतुरिया आली आणि उभीच राहिली. बसा असं कुणी म्हटलं नाही.

"बाई, सरळ विचारतो, सरळ सांगा," झोटा म्हणाला. "आमचं सगळं त्या खोक्यातून जातं की नाही?"

"जातं."

"मग तुम्हाला ते वाचता येतं की नाही?"

मागच्या बाजूला ग्रिगोरे उभा होता. त्याने हळूच मान हलवली: नाही म्हण. वेतुरियाने ते पाहिलं. पण जन्मभर जिने दुसऱ्यांकडून खरं उत्तर मागितलं, तिला खोटं उत्तर देता येईना.

"मनात आणलं तर वाचता येईल," ती म्हणाली. "मी कधी मनात आणलं नाही."

एवढं पुरलं. वाक्याचा दुसरा भाग कुणी ऐकलाच नाही. "ऐकलंत? येतं म्हणाली!" "आधीपण असेच म्हणायचे, आम्ही वाचत नाही!" "संगणक केंद्रात होती ती, विसरलात काय? तिथे काय साधी माणसं घ्यायचे?" वेतुरियाला सांगायचं होतं की लिहिलेलं वाचता येईल, पण बोललेलं पकडून ठेवणं त्या म्हाताऱ्या मशीनच्या बापालाही झेपणारं नाही. ऐकायला कोण होतं? तिच्याकडे पाठ करून लोक जिना चढूही लागले होते. मशीन मात्र बंद करा असं कुणीच म्हणालं नाही. इटलीशी बोलायचं तर सगळ्यांनाच होतं.

वेतुरिया घरी आली, स्वयंपाकघरात बसली आणि विचार करू लागली. आपण सांगितलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग कुणी? इथे तिच्या मनात पाल चुकचुकली. किल्ल्या दोन. मशीनचा परवलीचा शब्दही दोघांनाच माहीत. ग्रिगोरे संध्याकाळी इमारतीपुढच्या बाकावर सोंगट्या खेळतो, आणि कुणाबरोबर? नेलूबरोबर. शिवाय आज सगळ्यांसमोर तिने खोटं बोलावं म्हणून तो खुणावत होता. ज्याच्या मनात काही नाही तो दुसऱ्याला खोटं बोल का म्हणेल?

एकदा हा किडा डोक्यात शिरला आणि त्याने जुनं सगळं पोखरायला सुरुवात केली. ग्रिगोरेने संगणक आणला तोच मुळी कुठून? दर थंडीत वर जायला एवढा तत्पर का? हेअर ड्रायर हे निमित्त तर नसेल? तिने परवलीचा शब्द बदलला. बाजारात जाऊन नवं कुलूप आणलं आणि लावलं. ग्रिगोरेला ती एक अक्षर बोलली नाही.

जानेवारीत डॅन्यूबवर बर्फाचे तुकडे वाहू लागले आणि वर पंखा अडला. ग्रिगोरे नेहमीप्रमाणे ड्रायर घेऊन गेला आणि पाच मिनिटांत खाली तिच्या दारात आला.

"कुलूप नवं दिसतंय."

"हो."

"जुनं गंजलं होतं का?"

"नाही."

ग्रिगोरेने ड्रायरची वायर नीट गुंडाळली. मग त्याने ड्रायर तिच्या हातात दिला. "उलट्या बाजूने धर. पुढून धरलास तर झाकण तापतं," म्हणाला, आणि गेला. त्यानंतर तो जिन्यात भेटला तरी टोपीला हात लावून पुढे व्हायचा, परक्या बाईला करावा तसा.

वेतुरियाला यातून समाधान मिळालं असतं तर गोष्ट वेगळी. पण कुलूप बदलून महिना झाला तरी गावगप्पा थांबल्या नाहीत. इलिंकाने वकील गाठलाय, हे नेलूला कळलं. वकिलाने काय सांगितलं, तेही कळलं. आता तर मशीनपाशी वेतुरियाशिवाय कुणी जाऊच शकत नव्हतं. एक तर ती स्वतः झोपेत चालत जाऊन चुगली करत होती, नाहीतर कुणीतरी मध्येच केबलला जोड देऊन ऐकत होतं.

तिने केबल तपासायला घेतली. बाल्कनी बघितली. छत बघितलं. जिन्यातली प्रत्येक वायर बोटांनी चाचपली. कुठे कापाची खूण नाही. उरला तो डक्ट. तिच्या न्हाणीघरातली डक्टची जाळी तिने कित्येक वर्षांपूर्वी चिंध्या कोंबून बंद केली होती, कारण पत्र्यांच्या फटींतूनही कुणाच्या तरी सिगारेटचा वास यायचा. कुणाच्या, याचाही तिला संशय होता. एका रविवारी सकाळी ती स्टुलावर चढली, चिंध्या उपसल्या, अंतोनचा दाढीचा आरसा काठीला बांधला आणि टॉर्च घेऊन हात आत घातला. आणि हात तसाच थांबला.

"ऐकू येतंय का? इलिंका! मला ऐकू येतंय, तुला येतंय का?"

अग्लाया जणू तिच्या कानाशी तोंड लावून ओरडत होती. अग्लायाचा संगणक न्हाणीघराला लागून असलेल्या बोळात होता, आणि तोरिनो लांब असल्यामुळे ती मायक्रोफोनमध्ये, खेड्यात नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी, तशी बोलायची. शिवाय जोडणी तुटक. मुलीचं प्रत्येक वाक्य खात्रीसाठी ती स्वतः मोठ्याने म्हणायची. "काय म्हणालीस? बापाची सही लागते? सहीशिवाय पोरीला सीमेवरून सोडत नाहीत? बरं! मग त्याला काय सांगायचं? सुट्टीला नेतो म्हणून? समुद्रावर?"

पत्रे होते तोवर हा आवाज सहाव्या मजल्यावरच अडला असता. आता डक्ट म्हणजे वरपासून खालपर्यंत एक सलग कर्णा झाला होता. आणि तो एकट्या या जिन्याचा नव्हता. शेजारच्या जिन्याची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून त्याच डक्टवर होती. वेतुरियाला पलीकडच्या भिंतीतून एक दबलेला खोकला ऐकू आला. मग लायटरचा खटका. नेलू आपल्या न्हाणीघरात उभा राहून ऐकत होता.

तिने लगेच खाली उतरायला हवं होतं. उतरली नाही. अग्लाया काय म्हणते, नेलू पुन्हा खोकतो का, हे ती स्टुलावर उभी राहून ऐकत राहिली, संभाषण संपेपर्यंत. खाली उतरल्यावर तिने आरशात स्वतःकडे पाहिलं. लोक तिला जे म्हणत होते ते आता पहिल्यांदा खरं झालं होतं.

ती पाचव्या मजल्यावर गेली. ग्रिगोरेने दार उघडलं, पण बाजूला झाला नाही.

"पत्रे," वेतुरिया म्हणाली. "डक्टमधले पत्रे. आपणच काढले. तिथून ऐकू जातं सगळं."

ग्रिगोरेला समजायला क्षणभर लागला. तो आत गेला, न्हाणीघरातल्या जाळीवरचा पुठ्ठा काढून कान लावून आला. चेहऱ्यावर हसू फुटलं होतं, ते त्याने दाराशी येईपर्यंत पुसून टाकलं.

"आधी एक सांग. कुलूप माझ्यासाठी होतं?"

"हो."

"मी नेलूला सांगतो असं वाटलं तुला."

"वाटलं. तू बैठकीत मान हलवलीस. खोटं बोल म्हणून."

"अगं बाई, मला ठाऊक होतं ना, खरं बोललीस की ही माणसं तुझी चामडी सोलणार! म्हणून हलवली. मी काय नेलूचा हेर? तो सोंगट्या चोरतो, त्याच्याशी मी धड बोलतही नाही." त्याने दाराच्या चौकटीवर हात टेकला. "आणि आता? आता गेला संशय?"

वेतुरिया उत्तर द्यायला लागली आणि अडखळली. ग्रिगोरेने ते बरोबर ओळखलं.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझं एकदम जाणार नाही. चल, झोटाला धरून आणू."

झोटाला त्यांनी वेतुरियाच्या न्हाणीघरात, स्टुलावर, जाळीपाशी उभं केलं. ग्रिगोरे खाली अग्लायाच्या घरी गेला आणि तिला म्हणाला, "लेकीशी बोलता तसं काहीतरी बोला." अग्लाया तोंड फुगवूनच होती, पण तिने ईस्टरच्या कोझोनाकची कृती म्हणून दाखवली. पीठ किती वेळ मळायचं, अक्रोड कधी घालायचे, शब्दन् शब्द वर आला. झोटा ऐकत होता. आधी त्याने भुवया उंचावल्या. मग त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो स्टुलावरून उतरला, किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून खाली बघत राहिला.

"म्हणजे... किती दिवस हे असं आहे?"

"पत्रे काढल्यापासून. दीड-दोन वर्षं."

"आणि दुसऱ्या मजल्यावरचंही येतं?"

"डक्ट एकच आहे," वेतुरिया म्हणाली. "तुम्ही न्हाणीघरात सिगारेट ओढता तेव्हा फोनवर कुणाशी बोलता, ते काही मला माहीत नाही. मी चिंध्या लावल्या होत्या."

झोटा तडक जिना उतरून गेला. दुपारपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं. वेतुरियाला वाटलं होतं, लोक येतील, दोन बरे शब्द बोलतील. कुणी आलं नाही. जो तो घरात बसून गेल्या दीड वर्षात आपण न्हाणीघरात काय काय बोललो ते आठवत होता, आणि कुणी कुणी ऐकलं असेल त्याचा अंदाज घेत होता. शिक्षिका शेजारणीशी बोलेनाशी झाली. नवव्या मजल्यावरचे नवरा-बायको भांडताना नळ सोडू लागले. ग्रिगोरेने पत्रे परत बसवले, फटी फोमने भरल्या. तरीही पुढे कितीतरी दिवस जिन्यातून जाताना बंद दारांमागे न्हाणीघरातले रेडिओ मोठ्याने वाजताना ऐकू यायचे.

झालेलं नुकसान फोमने भरून निघालं नाही. नेलूने सही दिली नाही. इलिंका ईस्टरला आली, बाकावर त्याच्याशी तासन् तास बोलली, एकटीच परत गेली. मारा आणखी एक वर्ष आजीपाशी राहिली. मग नेलूला दुसरं लग्न करायचं झालं आणि सही एका दुपारी सहज मिळाली. पोर गेली तेव्हा वेतुरिया बाल्कनीत उभी होती. पत्रे काढ म्हणणारी आपणच, हे तिने अग्लायाला सांगितलं होतं. अग्लाया त्यावर फक्त म्हणाली होती, "ओरडत तर मीच होते ना."

ग्रिगोरेला तिने नवी किल्ली दिली. त्याने घेतली, खुंटीला अडकवली, पण वर जायचं झालं की आधी तिचं दार वाजवून सांगायचा, "जातोय गं." पूर्वी सांगत नसे. वेतुरियाला ते लागायचं. नको सांगूस, असं मात्र तिला म्हणवलं नाही.

पुढच्या वर्षी एका मोठ्या कंपनीची माणसं आली. पांढरी चकचकीत खोकी, एकेका घरात एकेक, सील केलेली. पुऱ्या जिन्याने ती घेतली. त्या खोक्यात काय आहे, दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, हे एकानेही विचारलं नाही. झोटाने तर पहिलं घेतलं. वेतुरियाने विचारलं तेव्हा तो पोरगेला विक्रेता हसून म्हणाला, "मॅडम, ते उघडायचं नसतं, हमी जाते." तिने त्याला नमस्कार करून दार लावलं.

वरच्या मशीनवर उरले तिघं: वेतुरिया, ग्रिगोरे आणि, कुणाला पटो न पटो, अग्लाया.

"तू का नाही घेतलंस ते पांढरं?" वेतुरियाने तिला विचारलं. दोघी जिन्यात मिरच्यांच्या पिशव्या टेकवून दम खात होत्या.

"आणि बंद पडलं तर? त्या कंपनीच्या माणसाला शिव्या द्यायला मी बुखारेस्टला जाऊ? तुला द्यायच्या तर एक मजला चढला की झालं." अग्लायाने पिशवी उचलली, दोन पायऱ्या चढली, थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पण आता खरं सांग, वेतुरिया. माझं लिहिलेलं तू खरंच कधी वाचलं नाहीस?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"वाचण्यासारखं तू लिहितेस तरी काय, अग्लाया?"

अग्लाया गर्रकन वळली. "बघ! म्हणजे वाचलंयस!"